कानवाल्यांचं कोरणं

फुली चुकीच्या जागी पडली, आणि ती कानवाल्यांच्याच हातची होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण नंतर पाणीखात्यात तिचं खापर कुणी जुन्या नकाशावर फोडलं, कुणी भुसभुशीत जमिनीवर, आणि एकाने तर खडूच ओला होता असंही म्हणून पाहिलं.

उतरत्या रस्त्याच्या वरच्या अंगाला, दिव्याच्या खांबापाशी, कानवाल्यांनी पांढऱ्या खडूने ठसठशीत फुली काढली, सवयीने तिच्याभोवती गोल केला आणि गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाले, "इथे खणा." नुकतं उजाडत होतं, गाड्या सुरू व्हायच्या होत्या. मुकादमाच्या माणसांनी टिकाव घातले. खड्डा गुडघ्याइतका झाला, कमरेइतका झाला, पाइप उघडा पडला. मुकादम स्वतः खाली उतरला, पाइपावरून पंजा फिरवला आणि तो पंजा वर करून दाखवला. नुसती धूळ.

"कानवाल्या, अरे हा तर माझ्या घशापेक्षा कोरडा आहे."

"जरा पुढे खण. आहे इथेच."

"इथेच म्हणजे कुठे? दोन्हीकडून मोकळा केला की."

"मी ऐकलंय," कानवाले म्हणाले.

या वाक्यावर खात्यात आजवर कुणी उलट बोललं नव्हतं. मुकादमाने माणसांना पुढे खणायला सांगितलं.

उताराच्या खालच्या टोकाला शिंप्याचं दुकान होतं. शिंपी नेहमीसारखा लवकर येऊन दुकान उघडून, चहाचा पेला घेऊन कानवाल्यांकडे निघाला होता. तो निम्म्या वाटेवर आला आणि मागे आवाज झाला. फार मोठा नाही, भरलेलं पोतं खांद्यावरून खाली टाकावं तेवढाच. दुकानाची फरशी मधोमध खचली. शिलाई मशीन, कापायचं टेबल, गिऱ्हाइकांचे कपडे टांगलेली काठी, सगळं एकापाठोपाठ एक खाली गेलं आणि खालून गढूळ पाणी वर आलं. गळती तिथे होती. कितीतरी दिवस ती दुकानाखालची माती चाटत बसली होती, आणि फुली पडली होती दिव्याच्या खांबापाशी.

शिंपी रस्त्याच्या मधोमध उभा. हातात चहा, दुकान पाण्यात.

"बरं झालं, तुम्हाला चहा द्यायला निघालो," तो कानवाल्यांना म्हणाला. टोमणा मारला असता तर कानवाल्यांना सोसता आला असता. पण तो मनापासून म्हणाला होता.

कानवाले म्हणजे पाणीखात्याचा कान. त्यांचा खरा हुद्दा लांबलचक होता, पण तो पगाराच्या दिवशी सहीपुरता लागायचा. काम एकच. जमिनीखालचा पाइप कुठे फुटलाय ते वरून ऐकून सांगायचं. हत्यार म्हणाल तर एक लोखंडी दांडी, तिच्या वरच्या टोकाला पितळेची गोल चकती. खालचं टोक रस्त्यावर किंवा व्हॉल्व्हवर टेकवायचं, वाकून चकतीला कान लावायचा आणि श्वास धरायचा. धडधाकट पाइप गाढ झोपलेल्या माणसासारखा घुमतो. फुटलेला पाइप दातांतून हवा सोडल्यासारखा सुसकारतो. भोक बारीक असेल तर सूर चढा, चीर रुंद असेल तर सूर जाड. माणसं टिकाव खांद्यावर घेऊन ताटकळत उभी राहायची, आणि कानवाले असे वाकलेले, डोळे मिटलेले, जणू रस्ता त्यांना घरातली भानगड सांगतोय. मग खडू निघायचा. फुली पडायची. तिथे खणलं की पाणी लागायचं.

हे सगळं उजव्या कानाचं कर्तृत्व. डावा कान त्यांच्या लेखी चेहऱ्याचा तोल सांभाळण्यापुरता होता.

शिंप्याच्या दुकानासमोर एक व्हॉल्व्ह होता, त्यामुळे तिथे फेरी ठरलेली. शिंपी आतून मान न उचलता विचारायचा, "काय कानवाले, आज काय म्हणतंय पाणी?"

"म्हणतंय, शिंप्याने अजून माझी विजार दिली नाही."

"त्याला म्हणावं, मालकाचं पोट एका जागी थांबू दे. परवा माप घेतलं ते आजच जुनं झालं." मग मशीन थांबवून तो म्हणायचा, "एकदा आम्हालाही ऐकवा की हो. आयुष्य गेलं या पाइपाच्या डोक्यावर बसून, आत काय चाललंय ते माहीत नाही."

"ऐकवतो की. पुढच्या वेळी नक्की."

ही पुढची वेळ बरीच वर्षं पुढेच सरकत होती. कानवाल्यांची दांडी दुसऱ्याच्या कानाला लावायची तयारी नव्हती, हे खरं कारण. पण शिंपी दरवेळी मागायचा आणि कानवाले दरवेळी द्यायचं कबूल करायचे, आणि दोघांचीही सकाळ बरी जायची.

दांडी त्यांना वस्तादांकडून मिळाली होती. वस्ताद म्हणजे कानवाल्यांच्या आधीचा खात्याचा कान. निवृत्त होताना त्यांनी दांडी दिली आणि तिच्यासोबत खिशातून एक कानकोरणं काढून दिलं. बोटाएवढी तांब्याची काडी, एका टोकाला बारीकशी वाटी, दुसऱ्या टोकाला अडकवायला कडी. "कामावर निघण्याआधी रोज," वस्ताद म्हणाले होते. "दांडी पुसायची तसा कान पुसायचा. आत काही राहता कामा नये."

कानवाल्यांनी हा शब्द पाळला. सुतार रंध्याचं पातं पारखतो तसे ते रोज पहाटे न्हाणीच्या दारात पाट टाकून बसायचे, मान वाकडी करायचे आणि कोरणं आत फिरवायचे. निघालेला मळ नखावर घेऊन उजेडात बघायचे. त्यात काय बघायचं असतं ते त्यांनाच माहीत. बायको चूल पेटवता पेटवता ओरडायची, "अहो, किती कोराल? थोड्या दिवसांनी आरपार उजेड दिसेल."

"अगं, हत्यार आहे ते माझं. तू सुरी नाही का घासत?"

"सुरी मी डोक्यात घालून नाही घासत."

शेजारीपाजारी तिला कानवालीणबाई म्हणत. नवऱ्याचं कौतुक तिलाही होतं, पण ते ती बाहेर दाखवायची. घरात तिची जीभ मोकळी होती.

फुलीच्या काही आठवडे आधीपासून कान भरल्यासारखा वाटू लागला. आंघोळ झाली की गच्च. जांभई दिली की टक्कन उघडायचा, थोडा वेळ सगळं लख्ख, आणि परत मिटायचा. कानवाल्यांनी जो उपाय ठाऊक होता तो वाढवला. एकदाच्या जागी दोनदा कोरू लागले. मग बायकोचा केसांचा आकडा आणला. मग कापूस लावलेल्या काड्यांची अख्खी डबी आणली. प्रत्येक वेळी काडीला थोडं तपकिरी लागायचं आणि त्यांना समाधान वाटायचं. जेवढं बाहेर यायचं त्याच्या कितीतरी पट आत ढकललं जात होतं, पण आत ढकललेलं काडीला दिसत नाही.

आणि या दिवसांत ते फुल्या मारतच होते. ऐकू नीट येत नव्हतं, पण इतक्या वर्षांत डोळेही तयार झाले होते. कुठे डांबर फुगलंय, कुठे गटाराच्या कडेला नको तिथे गवत हिरवं आहे, कुठे जुना जोड आहे, हे बघून ते वाकायचे, डोळे मिटायचे, ऐकल्याचं सोंग करायचे. चार ठिकाणी फुली बरोबर निघाली. वाटलं, जमतंय. कान उघडेपर्यंत असंच रेटू. दिव्याच्या खांबापाशी डांबर फुगलं होतं, म्हणून पाचवी तिथे पडली.

दुकान खचल्यावर वरून विचारणा आली. नवे साहेब वयाने कानवाल्यांच्या लेकीएवढे, बोलायला गोड. त्यांनी कानवाल्यांना खुर्ची दिली. खात्यात खुर्ची मिळाली की माणसाने घाबरावं.

"काका, तुमच्यावर अविश्वास नाही. पण मला वर काहीतरी सांगावं लागेल. सोमवारी आपल्या आवारातच छोटीशी चाचणी घेऊ. तीन चेंबर आहेत. एकाच्या पाइपाला मी बारीक गळती करून ठेवतो. कुठल्या, ते तुम्ही सांगायचं. तुमच्यासाठी काय, पोरखेळ."

"हो, पोरखेळच," कानवाले म्हणाले. खरं तर त्यांनी साहेबांच्या ओठांकडे बघून निम्मं ताडलं होतं.

बाहेर मुकादम वाट बघत होता. दोघे एकाच वर्षी खात्यात लागलेले, एकमेकांच्या सगळ्या खोड्या माहीत असलेले. त्याने चहा मागवला, कानवाल्यांच्या डाव्या बाजूला येऊन बसला आणि सरळ विचारलं, "कान भरलाय ना तुझा?"

"कुणी सांगितलं?"

"मघापासून उजवीकडून तीन हाका मारल्या. भिंतसुद्धा वळून बघते."

कानवाले चहात बघत राहिले.

"साहेबाला सांग की सरळ. म्हणावं, कान भरलाय, आठवडा द्या. माणूस आहे, कान भरतो."

"आणि त्याने विचारलं, कधीपासून? तर काय सांगू? शिंप्याचं दुकान बसलं त्याच्या आधीपासून?"

मुकादमाने पेला ओठांना लावला. तो रिकामा होता, तरी लावला.

घरी बायकोने वेगळा रस्ता धरला. शुक्रवारी संध्याकाळी ती चपला घालूनच समोर उभी राहिली. "उठा. कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचंय. माझं तर तुम्ही चांगल्या कानानेसुद्धा कधी ऐकलं नाहीत, आता निदान तिचं ऐका."

डॉक्टरीणबाईंनी कानात दिवा घालून नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "काय काय घातलंत आत?"

बायकोने यादीच म्हटली. आकड्यापाशी आल्यावर डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून घेतले.

"नुसता मळ आहे, घाबरू नका," त्या म्हणाल्या. "पण ठासून ठासून त्याचा दगड केलाय तुम्ही. आणि मळ मळ म्हणून त्याच्यामागे का लागलात? तो कानाचा राखणदार आहे. धूळ धरतो, आतली कातडी ओली ठेवतो. आपण जेवतो, बोलतो, जबडा हलतो, तसा तो आपोआप बाहेर सरकतो. बाहेर आलेला ओल्या फडक्याने पुसायचा, बोट सहज जाईल तिथवर. आत काही म्हणजे काही घालायचं नाही."

"आता काढून टाका ना," कानवाले म्हणाले.

"आज ओढला तर कातडी सोलून निघेल. हे थेंब घाला, सकाळ संध्याकाळ. कुशीवर पडून राहायचं, थेंब मुरू द्यायचा. पहिले दोन दिवस आणखी कमी ऐकू येईल, मळ फुगतो म्हणून. तेव्हा घाबरायचं नाही. दुखलं, पाणी आलं, चक्कर आली तर लगेच यायचं. नाहीतर बुधवारी या. मऊ झालेला असेल, कोमट पाण्याने धुऊन नाहीतर यंत्राने ओढून काढते. तुम्ही खुर्चीत बसाल आणि उठाल, एवढंच काम आहे."

"बुधवारी," कानवाले म्हणाले.

"बुधवारी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सोमवारचं कुणीच काही बोललं नाही. बायकोला चाचणीचं माहीत नव्हतं आणि कानवाल्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर डॉक्टरीणबाईंनी साहेबांना दोन ओळी लिहून दिल्या असत्या. हेही त्यांच्या नंतर लक्षात आलं.

घरी येताच बायकोने कोरणं, आकडा आणि काड्यांची डबी उचलून लपवली. शनिवारी आणि रविवारी कानवाले कुशीवर पडून राहिले. बायको थेंब टाकायची, कापसाने ओघळ टिपायची आणि म्हणायची, "आयुष्यात पहिल्यांदा शहाण्यासारखे पडलाय." त्यांना ऐकू येत नव्हतं, म्हणून ते नुसते हसायचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसंच झालं, कान पुरता बंद झाला. रविवारी संध्याकाळी त्यांनी दांडी घरातल्या नळाला टेकवून बघितली. नळ पूर्ण सोडला होता. चकतीतून काही आलं नाही.

सोमवारी पहाटे ते उठले. बायको वस्तू कुठे लपवते हे नवऱ्याला ठाऊक नाही असं कुठलंच घर नसतं. तांदळाच्या डब्यात हात घातला, कोरणं निघालं. न्हाणीत गेले, दार लोटलं, दाराला पाठ करून पाटावर बसले आणि मान वाकडी केली.

थेंबांनी आपलं काम केलं होतं. कोरणं जरा आत जाताच मऊ, ओला, काळपट गोळा अलगद बाहेर आला, एवढा मोठा की त्यांनाच विश्वास बसेना. आणि आवाज आले. एकदम, धरण फुटल्यासारखे. नळाखालच्या बादलीत थेंब पडत होता, तो ऐकू आला. शेजारच्या घरात कुणीतरी खाकरलं. बाहेर पक्षी बोलत होते. पलीकडे खोलीत बायकोने कूस बदलली, तिची बांगडी उशाला लागली, तेही ऐकू आलं. कानवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिथे ते थांबले असते तर ही गोष्ट इथे हसत संपली असती.

पण वस्तादांचा शब्द होता, आत काही राहता कामा नये. आत थोडं राहिलंय असं वाटत होतं. त्यांनी कोरणं परत घातलं, या वेळी जरा खोल.

बायकोला जाग आली होती. शेजारी अंथरूण रिकामं, डब्याचं झाकण उघडं. ती धावत आली आणि तिने न्हाणीचं दार ढकललं. दार कानवाल्यांच्या कोपराला लागलं.

पुढे चाचणी झाली. ती व्हायला नको होती, पण कानवाले गेले. कानात कापूस, त्यावर टोपी ओढलेली. जमीन होडीसारखी हलत होती. बायको हात धरून आवाराच्या फाटकापर्यंत आली. वाटभर ती एकच वाक्य बोलत होती, "डॉक्टरीणबाईंकडे चला हो." ते एकच उत्तर देत होते, "एवढं झालं की जाऊ."

आवारात तीन चेंबर उघडी होती. साहेब, त्यांच्या मागे मुकादम, आणि जरा लांब काम थांबवून उभी असलेली माणसं. कानवाल्यांनी पहिल्या चेंबरमध्ये दांडी टेकवली आणि आयुष्यात पहिल्यांदा डावा कान चकतीला लावला. डाव्या हाताने सही करावी तसं वाटलं. काहीतरी घुमत होतं. दुसऱ्या चेंबरमध्येही तेच घुमत होतं. तिसऱ्यातही. त्यांना कळायला वेळ लागला की ते पाणी नव्हतं. ते त्यांचंच रक्त होतं, उजव्या कानात ठोके देत होतं आणि डावीकडे ऐकू येत होतं.

खिशातला खडू काढून ते उभे राहिले. साहेब अदबीने वाट बघत होते. साहेबांच्या पाठीमागे मुकादमाने नाक खाजवलं. मग दोन बोटं नाकावर तशीच ठेवली. कानवाल्यांकडे बघत त्याने ती उचलून परत ठेवली. दुसरं चेंबर.

एक फुली मारायची, घरी जायचं. बुधवारी डॉक्टरीणबाई बघतील, काही ना काही होईल, खात्याचा कान खात्यात राहील. कानवाल्यांनी मुकादमाच्या बोटांकडे बघितलं. असंच डोळ्यांनी बघून त्यांनी चार फुल्या बरोबर मारल्या होत्या. आणि मग पाचवी. गढूळ पाण्यात बुडालेलं मशीन त्यांना दिसलं, आणि त्याच्या शेजारी तरंगणारी त्यांचीच विजार.

त्यांनी खडू परत खिशात ठेवला.

"मला ऐकू येत नाही, साहेब."

"हरकत नाही काका, घाई नाही. परत एकदा बघा."

"त्या दिवशीही येत नव्हतं," कानवाले म्हणाले.

मुकादमाने बोटं खाली घेतली. साहेबांनी पुढे होऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी म्हणाले. चांगलंच म्हणाले असतील. ते उजव्या बाजूने म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी त्या दिवशी कानात दिवा घातला आणि यादी विचारली नाही. पडदा फाटला होता. नुसता पडदा असता तर बहुतेक वेळा तो आपला आपण भरून येतो, त्या म्हणाल्या. पण पडद्यामागे तीन बारीक हाडं एकमेकांना धरून बसलेली असतात, त्यांची साखळी निखळली असावी.

"दार मी ढकललं," बायको म्हणाली. "माझ्या हाताने झालं."

"दाराने नाही," कानवाले म्हणाले. "डॉक्टरीणबाई, ही काहीही सांगते. दार बंद होतं."

त्यानंतर घरात त्या दाराचा विषय कधी निघाला नाही. बायको मात्र अजून न्हाणीचं दार दोन्ही हातांनी, झोपलेल्या पोरावरून पांघरूण काढावं तसं उघडते. आणि तिचं बोलणं कमी झालं. कुणाला वाटेल, नवऱ्याला ऐकू येत नाही म्हणून. तसं नव्हतं. डावा कान होता की.

पुढे जखम चिघळली, कान वाहू लागला. मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं. पडद्याला ठिगळ लावलं, ते टिकलं नाही. परत करू म्हणाले, पण ऐकू येईल याची हमी कुणी दिली नाही, आणि कानवाल्यांनीही पुन्हा विचारलं नाही. कानात पाण्याचा थेंब जाता कामा नये, एवढं मात्र सगळ्यांनी बजावलं. पाणीखात्याचा माणूस आता कानात व्हॅसलीन लावलेला कापूस घालून, मान तिरकी करून आंघोळ करतो, आणि पाऊस दिसला की घरात पळतो.

एकदा बायकोने पुढे ठेवलेलं ते कोरणं हातात घेऊन डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे आणलंत कुठून?"

"आमच्या वस्तादांचं आहे."

"त्यांना शेवटपर्यंत नीट ऐकू येत होतं?"

कानवाल्यांना वस्तादांची शेवटची वर्षं आठवली. दारात खुर्ची टाकून बसलेले, येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाकडे बघून हसणारे. काहीही विचारलं तरी "हो हो, बरं आहे" म्हणणारे. सगळे म्हणायचे, वय झालं. कानवाले स्वतः तेच म्हणत होते. निवृत्त व्हायच्या आधीचं वर्षभर तर वस्ताद त्यांनाच पुढे करायचे, "तू ऐक, मी बघतो." शिष्याला तयार करतायत, असं तेव्हा वाटलं होतं.

"हो," कानवाले डॉक्टरीणबाईंना म्हणाले. "येत होतं."

कोरणं त्यांनी परत मागितलं नाही.

खात्यात आता यंत्र आलंय. डोक्याला लावायचं, काटा हलतो, आकडा दिसतो. कानवाल्यांना सामानाच्या खोलीत बसवलंय. व्हॉल्व्हच्या किल्ल्या द्यायच्या, परत घ्यायच्या, खिळ्याला अडकवायच्या. त्यांची दांडी तिथेच कोपऱ्यात टांगलेली आहे, कारण ती कुठेतरी ठेवायलाच हवी. त्यांना अजूनही सगळे कानवाले म्हणतात. सवय आहे, कुणाच्या मनात काही नसतं.

एका दुपारी शिंपी आला. दुकान त्याने दुसरीकडे टाकलंय, पूर्वीच्या निम्मं. मशीन पाण्यातून काढून दुरुस्त केलं, पण मध्येच टाका सोडतं. त्याने काखेतलं पुडकं पुढे केलं.

"तुमची विजार. खड्ड्यातून काढली, धुतली, कंबर वाढवली. एका ठिकाणी टाका सुटलाय, तेवढं सांभाळून घ्या."

कानवाल्यांनी पुडकं घेतलं. बोलायचं पुष्कळ होतं, ते कित्येक महिने मनात जुळवत होते. तोंडातून निघालं ते एवढंच, "बसा ना."

"बसत नाही, काम पडलंय." शिंप्याची नजर कोपऱ्यात गेली. "हीच ना ती दांडी? बघा, तेवढं एक तुमच्याकडे राहिलंय हं. पाणी ऐकवणार होतात."

कानवाले उठले. या वेळी टाळायचं मनात नव्हतं, खरंच नव्हतं. दांडी खिळ्यावरून काढली, फडक्याने पुसली आणि शिंप्याला घेऊन आवारातल्या चेंबरपाशी गेले. झाकण दोघांनी मिळून सरकवलं. दांडी व्हॉल्व्हला टेकवली. आधी आपण ऐकायचं, सूर कुठे चांगला लागतो ती जागा धरायची आणि मग दुसऱ्याच्या कानाला द्यायची, ही रीत. कानवाले वाकले. डावा कान चकतीला लावला. दांडी थोडी सरकवली, परत लावला. शिंपी शेजारी उकिडवा बसून, तोंड उघडं ठेवून, त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता.

बऱ्याच वेळाने कानवाले सरळ झाले.

"आज नको," ते म्हणाले. "आज पाण्याला दाब नाही. काही ऐकू येणार नाही."

"असं होय. मग पुढच्या वेळी."

"पुढच्या वेळी नक्की."

शिंप्याचे हात झाकणाच्या गंजाने लाल झाले होते. जाता जाता फाटकाजवळच्या नळाखाली त्याने हात धरले आणि चावी फिरवली. पाणी असं जोरात आलं की त्याची बाही कोपरापर्यंत भिजली, फरशीवरून उडून तुषार पार कानवाल्यांच्या पायापर्यंत आले. शिंप्याने एकदा नळाकडे बघितलं. मग घाईघाईने चावी घट्ट बंद केली, हात विजारीला पुसले आणि मागे न बघता निघून गेला.

कानवाले दांडी धरून तिथेच उभे राहिले. मग त्यांनी कानातला कापूस नीट दाबून घेतला आणि झाकण एकट्याने ओढायला लागले.